ज्वारीच्या भेंडाचा रेणू

हसा लेको, पण माझी पीएचडी आमच्या आईनं वाचवली. बहात्तरच्या दुष्काळात आई परंड्याजवळ रस्त्याच्या कामावर खडी फोडायची आणि मी औरंगाबादला इथेन नावाच्या रेणूची कंपनं गणितात मांडत होतो. उत्तरात एक कंपन दर वेळी उणे यायचं. म्हणजे रेणू जागेवर टिकतच न्हाय, घसरतोय. सर म्हणाले, "सोमवारपर्यंत चूक शोध, नाहीतर विषय बदल."

तोंड पाडून गावी आलो. ज्वारीची ताटं सोलून आतल्या मऊ भेंडाचे दोन तुकडे जोडले, ते कार्बन. कागदावरच्या आकड्यांबरहुकूम दोन्हींना तीन-तीन बाभळीचे काटे खोचले, ते हायड्रोजन.

तेवढ्यात आई आली. "म्हशीला वैरण न्हाय, अन् तू ताटं मोडून खेळतूस व्हय?" म्हणत तिनं ते हिसकावलं आणि काटे उपसायला बसली. "काट्यासमोर काटा! बोट घालायला तरी जागा ठेवायची." तिनं एक तुकडा जरासा फिरवला. या बाजूचे काटे त्या बाजूच्या मोकळ्या जागेसमोर आले.

मी ओरडलोच, "आई, थांब!" समोरासमोरचे हायड्रोजन एकमेकांना ढकलतात. मी बिचाऱ्या रेणूला चढाच्या माथ्यावर बसवून 'घसरतोस का' म्हणून विचारत होतो!

आकडे बदलले, उणे गेलं, जीव भांड्यात पडला. सर लई खूश. म्हणाले, "ते मॉडेल घेऊन ये, काचेच्या कपाटात ठेवू."

"न्हाय जमायचं सर. काटे काढून आईनं ते म्हशीला घातलं."