द्वारकाबाईनं काय मागितलं

मंडळी, ऐका! घसा बसलाय माझा, पेटीवाल्यालाही जांभया येतायत — तरी एक प्रश्न विचारतो. पदर पसरला, तळमळून मागितलं, आणि पदरात भलतंच पडलं! असं का? देणारा बहिरा, की मागणारा चुकला? मग ऐका!

पाटणच्या बाजूची द्वारकाबाई. नवरा रंगनाथ, भजनात पखवाज वाजवायचा. अर्धांगवायूनं त्याची एक बाजू गेली. दवाखान्यातून घरी आणला — आणि पाणी पाजलं की ठसका! ताक पाजलं की ठसका! जीव नुसता घाबरा व्हायचा! पातळ असलं की सहज उतरतं, अशी बाईची समजूत. म्हणून ती ताकात आणखी पाणी घाली. माया होती हो! पण मायेला कुठं सगळं कळतं?

थकून बसली मोबाइल घेऊन. विचारलं, "अर्धांगवायूचा माणूस बरा होतो का?" झालं! तेलाच्या जाहिराती आल्या. चमत्काराचे व्हिडिओ आले. कुणाच्या तरी काकांची हकिगत आली — ते म्हणे उठून शेतात गेले! बाई वाचते, रडते, जरा बरं वाटतं, पुन्हा वाचते. आणि इकडं रंगनाथ ठसकतोय! हसू नका, ताई. तुम्हीही तेच करता.

तेवढ्यात शेजारची मंदा दारात. "वैनी, नातवाचं बारसं हाय. कृष्णाचं एखादं गाणं सांगा की!"

द्वारकाबाई वैतागली. "अगं, कृष्णाचं काय एक गाणं हाय? पाळणा पायजे, आरती पायजे, का गवळण? बारशात गवळण म्हणशील व्हय? कसलं पायजे ते नीट सांग की!"

बोलली — आणि तिचं तिलाच लागलं. मनात म्हणाली, मी तरी काय करतेय? नुसतं दुखण्याचं नाव घेतेय! मला हकिगत नको, जाहिरात नको. दवाखान्यात घरच्यांच्या हातात देतात, तसला सूचनांचा कागद हवाय!

मग तसंच विचारलं — "अर्धांगवायू, गिळताना ठसका, घरच्यांसाठी सूचना, दवाखान्याचं माहितीपत्रक." आलं की हो! पण कोरडं. धीराचा एक शब्द नाही. 'ठसका लागत असेल तर तोंडानं काही देऊ नका. पातळ पदार्थ फुप्फुसात जाऊ शकतात. लगेच डॉक्टरांना दाखवा.'

बाईनं ताकाची वाटी खाली ठेवली. "म्या माझ्या हातानं पाजलं!"

गाडी करून नेला. फुप्फुसात संसर्ग झालाच होता, पण डॉक्टर म्हणाले, "वेळेत आणलंत." आधी नळीनं अन्न, मग हळूहळू गिळायला शिकवलं. ताठ बसवून घट्ट पेजेचा चमचा दिला — आणि ठसका नाही! पुन्हा पखवाज वाजवला का, म्हणता? नाही वाजवला. जगला.

आता तुमच्याकडं वळतो. विषय सगळेच सांगतात हो! बातमी हवी, नियम हवा, हकिगत हवी की उपाय — हे कोण सांगतं? कुणी नाही! कारण गोड ऐकायचं असतं, उत्तर नको असतं. मोबाइलपुढं तेच, देवापुढं तेच! आज घरी हात जोडाल, तेव्हा आधी स्वतःला विचारा — मी वाट मागतोय, की नुसता दिलासा? दिलासा देऊन देऊन तोही थकला असेल, मंडळी. घ्या नाव त्याचं.