डाव्या हाताचा जोड

आजच्या कार्यक्रमाचे अध्यक्ष आणि आपल्या वॉलनट फोर्क मोटारशर्यत धावपट्टी संघाचे प्रमुख श्रीयुत ऑर्विल टिंडल, व्यासपीठावर विराजमान पास्टर बुखॉल्झ, आजचे सत्कारमूर्ती श्रीयुत मर्ल स्टॉडार्ड, त्यांच्या पत्नी विल्माताई, आणि समोर बसलेल्या गाडीवाल्यांनो, वेल्डरांनो, त्यांच्या घरच्या मंडळींनो,

मागच्या रांगेत ऐकू येतंय ना? माइक राहू दे, ऑर्विल. माझी अख्खी नोकरी ग्राइंडरच्या वर आवाज चढवून शिकवण्यात गेली आहे.

ऑर्विलने मला बजावलंय, "बाई, थोडक्यात बोला आणि गोड बोला." गोडाची सोय आत स्वयंपाकघरात झालेली आहे. नडीन प्रेविटने केलेली सायीची पाई जेवणानंतर तुमच्यापुढे येईलच. तेव्हा गोडाची जबाबदारी माझ्यावर नाही.

मर्लचं कौतुक करायला मला कष्ट पडत नाहीत. तांत्रिक महाविद्यालयात तो माझ्या वर्गात होता. डावखुरा. वेल्डिंगचा टॉर्च डाव्या हातात, जोडात वितळवून भरायचा रॉड उजव्या हातात. बाकी सगळी मुलं उजवीकडून डावीकडे जोड ओढत जायची, हा एकटा उलटा. मी त्याला बदलायला लावलं नाही, कारण त्याचा जोड पाहिल्यावर बदलण्यासारखं काही नव्हतंच. माशाचे खवले एकावर एक बसावेत तसा. आज निमंत्रणपत्रिकेवर त्याच जोडाचा फोटो छापला आहे. आधीचे वक्ते सांगून गेले की मर्लचा जोड ते अंगणापलीकडूनच ओळखतात. खवल्यांची तोंडं उलट्या बाजूला, म्हणजे तो मर्ल. पास्टरसाहेबांनाही ओळखता येतो म्हणे. हे लक्षात ठेवा. मला पुढे उपयोगी पडणार आहे.

आता रॉडबद्दल. हसू नका. या हॉलमध्ये निम्म्या लोकांना मी हे शिकवलं आणि त्यातले निम्मे धावपट्टीवर गेले की विसरले.

आपल्या गाड्यांचा सांगाडा क्रोमोलीच्या पातळ नळीचा. महागडं, चिवट पोलाद. ती नळी जोडायला कोणता रॉड घ्यायचा? गिऱ्हाईक छाती काढून सांगतं, नळी जशी तसाच रॉड. ऐकायला बरोबर वाटतं. पण टिग वेल्डिंगच्या ठिणगीखाली रॉड एकटा वितळत नाही, नळीही वितळते. दोन्हींचं मिश्रण होतं आणि नळी आपली ताकद त्या मिश्रणाला देते. म्हणून रॉड मऊ पोलादाचा हवा. मग जोड नळीला शोभेल इतका मजबूत होतो, आणि धक्का बसला की वाकतो, तुटत नाही. रॉडही क्रोमोलीचा घेतलात तर पातळ नळीवर तो झरझर गार होतो आणि काचेसारखा कडक बसतो. अख्खा सांगाडा भट्टीत घालून पुन्हा तापवणार असाल तर गोष्ट वेगळी. तेवढी भट्टी या जिल्ह्यात कोणाकडे आहे? कोणाकडेच नाही.

पण मऊ रॉड म्हटलं की तुम्हा लोकांना कमीपणा वाटतो. शेताच्या फाटकाला लावतात तो रॉड माझ्या गाडीला? तुमची एवढी एकच खोड आहे, पण ती माणूस मोडते.

नडीन प्रेविटला हे कधी दोनदा सांगावं लागलं नाही. मर्लनंतर माझ्या हाताखालून गेलेला सगळ्यात चांगला हात तिचा. मर्लने तिला आपल्या कारखान्यात घेतलं, तेव्हा मलाच बोलवून म्हणाला होता, "बाई, पोरीचा हात माझ्यापेक्षा हळू चालतो, पण तिच्या जोडावर मी माझी मुलं बसवीन." हे त्याचे शब्द. विल्माताई, तुम्ही तिथेच होतात.

कर्ट योकम समोर बसला आहे. कर्ट, तुझ्या त्या वेळच्या नव्या सांगाड्याबद्दल बोलते आहे, चालेल ना? धन्यवाद.

तो सांगाडा नडीनने मऊ रॉडने जोडला. कर्ट तो बघायला गेला आणि बाकावर पडलेला रॉड त्याने पाहिला. पुढचं मला कर्टनेच सांगितलं, आणि स्वतःला न वाचवता सांगितलं. तो म्हणाला, "मर्ल, कोंबड्यांची जाळी बांधतेस काय, विचार हिला." नडीनने नमुन्याचा तुकडा वाइसच्या जबड्यात आवळून धरला, हातोडीने घडी होईपर्यंत वाकवला आणि त्याच्यापुढे टाकला. तुटला नव्हता. म्हणाली, "कोंबड्यांना एवढं कोणी करत नाही, कर्ट. तुझ्यासाठी केलंय." कर्ट ऐकण्याच्या मनःस्थितीत नव्हता. गाडी दुसऱ्याकडे नेतो म्हणाला. मर्लने त्याच्या खांद्यावर हात टाकला आणि सांगितलं, शनिवारी ये, तुझ्या मनासारखं झालेलं असेल. नडीनला वाटलं, गिऱ्हाईक शांत करायला बोलला असेल. ती घरी गेली.

शनिवारी तिसऱ्या वळणावर पुढच्या कोपऱ्यातला जोड सुटला. गाडी किती वेळा उलटली हे तुम्ही सगळ्यांनी पाहिलं आहे. कर्ट तेव्हापासून चाकाच्या खुर्चीत आहे.

कोणी विचारलं की सांगाडा कोणी जोडला, तर उत्तर सोपं होतं. नडीनने. मर्ल याच हॉलमध्ये उभा राहून म्हणाला, "पोरीचा हात त्या दिवशी चुकला असावा. तिला दोष देऊ नका." किती मोठं मन! दोष देऊ नका म्हणत त्याने तो दिला, आणि तुम्ही घेतलात. मी तुटलेला जोड पाहायला मागितला. गाडी कुलपात आहे, असं मला सांगण्यात आलं. नडीनला कारखान्यात कोणी जा म्हटलं नाही. फक्त तिच्याकडे कोणी काम आणेना. शेवटी तिने टॉर्च ठेवला आणि शाळेच्या स्वयंपाकघरात लागली. नडीनच्या हातचं जेवण उत्तम, असं तुम्ही सगळे म्हणता. तिच्या हातचा जोड मात्र तुम्हाला चालला नाही.

आता आजचं. संघाने मर्लच्या नावाने सुरक्षा पुरस्कार सुरू करायचं ठरवलं. त्याची पाटी वर्षानुवर्षं भिंतीवर राहील. त्या पाटीवर कर्टच्या गाडीचा तोच तुटका जोड बसवावा, म्हणजे तरुण वेल्डरांना धडा मिळेल, ही कल्पनाही संघाचीच. कर्टने तो आपल्या कोठारातून काढून दिला आणि साफ करून अक्रोडाच्या फळीवर बसवायचं काम माझ्याकडे आलं. फळी ही इथे आहे. जोड मी त्यावर बसवलेला नाही. तो माझ्या पिशवीत आहे.

हा पाहा.

रंग आणि गंज काढला तर खवले दिसले. हा तुकडा सांगाड्यात एकाच रीतीने बसतो. उलटसुलट धरून फसायला वाव नाही. बाहेरच्या अंगाच्या खवल्यांची तोंडं उलट्या बाजूला आहेत. पास्टरसाहेब, तुम्ही जवळ बसला आहात. कोणाचा हात आहे? सांगू नका, बघितलंत तरी पुरे. पत्रिका शेजारी धरून बघा.

नडीनचा जोड ग्राइंडरने काढून त्या जागी कडक रॉड भरला गेला. पण कोपऱ्याच्या आतल्या अंगाला ग्राइंडर पोचत नाही. तिथे नडीनचा जोड तसाच राहिला. कर्ट, खुर्ची पुढे घे. ही कानस धर. आधी बाहेरून घास.

ऐकलंत? घसरली. काचेवरून घसरावी तशी. आता आतून घास. चावली ना? पोलादाचा बारीक कीस तुझ्या मांडीवर पडला असेल. बाहेरचा जोड मधोमध तडकला आहे. आतला बघ, वाकलाय, पण धरून आहे. तिथे शेजारची नळी फाटली, जोड नाही. त्या वळणावर तुझ्या गाडीत शेवटपर्यंत कोणी तुला धरून ठेवलं असेल, तर या एवढ्याशा मऊ रॉडने.

नाही मर्ल, बस. सत्काराला उत्तर द्यायची वेळ वक्त्यांनंतर असते. तुला ती मिळणार आहे.

तू मुद्दाम कोणाला मोडायला निघाला नव्हतास, हे मला ठाऊक आहे. गिऱ्हाईक जाऊ नये एवढंच तुला हवं होतं. तेवढी चूक मी समजू शकते. दुसऱ्या दिवशी याच हॉलमध्ये तू उभा राहिलास आणि एका मुलीचं नाव घेतलंस, ते मला समजत नाही. मी तुला रॉड निवडायला शिकवलं. हे दुसरं मी शिकवलेलं नाही.

आज तुम्ही मर्लला शाल नाही, पण जाकीट घालणार आहात, टाळ्या वाजवणार आहात. वाजवा. तुमच्या गाड्यांचे शेकडो जोड त्याने उत्तम केले, ते खोटं नाही. पण फळीवर नाव कोरायचं बाकी आहे आणि ती फळी मी घरी घेऊन जाते आहे. सुरक्षेच्या पुरस्कारावर कोणाचं नाव शोभेल, हे मर्ल स्वतःच्या तोंडाने सांगेल, तेव्हा परत आणीन.

मला बोलायला बोलावलंत, ऐकून घेतलंत, त्याबद्दल अध्यक्षांचे, संघाचे आणि तुम्हा सर्वांचे आभार. जेवण रांधणाऱ्यांचे आभार मी मुद्दाम मानत नाही. ते मानायला तुम्हालाच आत जावं लागेल. बोलण्याच्या ओघात माझ्याकडून काही उणंअधिक झालं असेल, तर मोठ्या मनाने माफ करावं, अशी विनंती करते. ज्यांना स्वतःला माफी मागायची आहे, त्यांच्या सोयीसाठी स्वयंपाकघराचं दार मी येतानाच उघडं ठेवलं आहे. नडीन तिथे उभी आहे आणि तिने सगळं ऐकलं आहे.

मर्ल, आता तू बोल.