बाजूच्या दुकानात बसलेली माही लेक

माहं माहेर नाचणगावचं, पुलगावच्या बाजूले. माही माय डोक्यावर भांड्याची टोपली घेऊन दारोदार फिरे, लोकाईचे जुने कपडे घ्याचे अन् बदल्यात कोनाले डबा द्याचा, कोनाले बकेट द्याची, हाच आमचा धंदा. मी तिच्या मांगं मांगं फिरूनच मोठी झाली. आनलेलं कापड धुवाचं, गुंड्या लावाच्या, उसवलं तं टाचाचं, अन् मंग बजारात इकाचं. मायनं मले एक गोष्ट पक्की शिकवली होती, का ज्या गावात कापड घेतलं त्या गावच्या बजारात ते मांडाचंच नाई. केळझरचं हिंगणघाटले न्याचं, हिंगणघाटचं पुलगावले. काऊन म्हनान तं, ज्यानं देलं त्याले ते बजारात लटकलेलं दिसलं नाई पाह्यजे, मानसाले लाज असते.

लग्न होऊन हिंगणघाटले आली. नवरा कापसाच्या जिनिंगमधी हमाल. आठवडी बजारात मी जागा धरली, ताडपत्री आंथरली, वर कपड्याचा ढीग टाकला. गिऱ्हाईक येते, बसते, उकरते, त्याच्या नशिबात असन ते त्याच्या हाताले लागते. चांगलं चाललं होतं. मंग रेखा आली.

रेखा म्हंजे माही देरानी, माह्या नवऱ्याच्या लहान्या भावाची बायको. धंदा तिले म्याच शिकवला, जागा बी माह्याच बाजूची देल्ली. अन् काय सांगू ताई तुमाले, वर्सभरात तिनं बांबू ठोकले, हँगर आनले, एकेक कपडा इस्त्री करून लटकवला, अन् मधोमध हा एवढा मोठा आरसा बांधला! झालं. बाया माह्या ढिगातून कुर्ती उचलत, तिच्या आरशात पाह्याले जात, अन् तिचीच कुर्ती घेऊन घरी जात. माही कुर्ती तिच्या टेबलावर पडून राहे. मंग ती हासत हासत आनून दे, जाऊबाई, हे तुमचं राह्यलं जी. त्या हासन्यानं तं माही अशी आग होये!

गिऱ्हाईक गेलं तं जाऊ द्या. पन माही पोरगी बी गेली. काजल, एकुलती एक, कालेजात शिकते. माह्यासंगं गठुडं उचलाची तिले लाज वाटे, मैत्रिनी पाह्यते म्हने. अन् काकूच्या दुकानात मातर टेबलाजोळ उभी राहून, ताई हा रंग तुमाले खुलते, असं गिऱ्हाइकाले सांगे, मोबाईलवर फोटो टाके. मी इकडे ढिगात बसून पाहो. रेखीले लेकरू नाई. लोकं म्हनते, बिचारीले जीव लावाले कोनी नाई, जाऊ दे. अवं, पन मले तरी दुसरी कोन हाय?

आता ऐका. मांगच्या महिन्यात बजाराच्या आदल्या दिवशी मी गावातच फेरीले गेलती. एका घरच्या नव्या सुनेनं मले जांभळा शालू देला, खऱ्या जरीचा, अन् मोठा झाकनाचा डबा घेतला. हिंगणघाटचं कापड, म्हंजे ते पुलगावले जाचं. मले का मालूम नव्हतं? पन सकाळी बजारात रेखीपाशी ही गर्दी, अन् काजल तिच्या खांद्यावर हात ठेवून खिदळून राह्यली. माह्यानं पाह्यल्या गेलं नाई. दोरी बांधली अन् शालू लटकवला समोरच.

अन् काजल आली न! उठून आली, आई, काय शालू हाय व, म्हने, पदर हातात घेतला, माह्या बाजूले बसली. किती दिवसानं बसली. म्या रेखीकडे पाह्यलं, म्हनलं पाह्य आता.

तेवढ्यात एक म्हतारी ओरडली, हा तं माह्या लग्नातला शालू! पेटीतला शालू इथं कसा? चोरी केली इनं, बोलवा पोलिसाले. मांगं तेच सून उभी, तोंड पांढरं फक, पदराआडून हात जोडून राह्यली. सासूले न इचारता देलता तिनं. खरं सांगावं तं त्या पोरीचं घरात काई खरं नाई, न सांगावं तं मी चोट्टी. अख्ख्या बजारात मोठा आवाज माहा, अन् त्या घडीले मी खाली मान घालून दोरीची गाठ सोडत बसली.

अन् कोन आलं? रेखाच आली. मावशी, म्हने, शालू तुमचाच हाय, कोन नाई म्हनते? तुमच्या सुनेनं पॉलिशले देलता, तुमाले अचानक दाखवाचा होता, जाऊबाईनं वाऱ्याले लावला. हो का नाई व? सून म्हने, हो आई. म्हतारीचा राग उतरला, तिनं सुनेच्या पाठीवरून हात फिरवला, शालू घेऊन गेली. डबा तं गेलाच. अख्खा बजार म्हने, रेखाबाई लय हुशार, रेखाबाईनं लाज राखली. काजल धावत गेली अन् पानी आनलं. कोनाले देलं? रेखीले! घसा माहा सुकलता ताई, अन् पानी तिले.

मले वाचवलं तिनं, मान्य हाय. पन तेच तं डोक्याले लागलं. आधी मी तिले मनातल्या मनात चार शिव्या तरी देत होती, आता त्या बी देता येत नाई.

घरी काजल म्हने, आई, आता मी काकूच्या दुकानातच बसत जाईन, दर बजाराले, कालेज सुटल्यावर. काकू मले धंदा शिकवते. म्या म्हनलं, बस. काय म्हनू? धंद्यात आली हे बी काई कमी नाई.

परवाच्या बजारात एका बाईनं रेखीले इचारलं, लेक तुमची का जी, तुमच्यावानीच गोड बोलते. मी कान टवकारून बसली. रेखा म्हने, नाई बाई, माह्या जेठानीची हाय, मी बजारापुरती मांगून घेतली. माह्याकडे हात बी दाखवला. अन् काजल? मले वाटलं ही आता मान वर करन, म्हनन, ते पाह्य, ते माही आई. तिनं मान वर केली नाई. गिऱ्हाईक होतं समोर.

बाई वाईट असती तं बरं झालं असतं, भांडता आलं असतं. देव तिचं भलं करो ताई, लय भलं करो. पन दुसऱ्या गावच्या बजारात नेऊन करो.