मिशनच्या विहिरीचं पाणी

माझं नाव रत्नाबाई, पण गावात बठ्ठे, म्हणजे सगळे, मला अक्का म्हणतात, तुम्हीही तेच म्हणा. घरात आमचं बोलणं अहिराणी, पण मिशनच्या शाळेत चौथीपर्यंत शिकले म्हणून तुमच्याशी असं बोलते, मध्येच घसरले तर समजून घ्या. धुळ्याहून चोपड्याकडं जाताना आत वळून हे गाव लागतं, माझा बाप इथलाच, गोऱ्या साहेबांच्या वेळी ख्रिस्ती झालेला, आणि साहेब गेल्यावर पाटलांच्या शेतात कापूस वेचायला जायचा. तहान लागली की ओंजळ करून खाली बसायचा आणि मालकीणबाई वरून तांब्या ओतायची, हात लागायला नको म्हणून. मी लहान होते, मला वाटायचं पाणी असंच प्यायचं असतं.

लग्न झालं ते दाऊदशी. दाऊद म्हणजे आमचे हे, मिशनच्या आवाराचे राखणदार, घंटा वाजवायची, देवळाची झाडलोट करायची, मागच्या दोन खोल्यांत राहायचं. चर्चला आम्ही देऊळच म्हणतो. आणि देवळामागं ती विहीर, साहेबांनी दगडात बांधलेली, काय सांगू तुम्हाला, गावच्या विहिरी तळ दाखवायच्या तरी हिचं पाणी हटायचं नाही. तिच्यावर लाकडी झाकण आणि झाकणाला कुलूप. किल्ली शलमोन आबांकडं. शलमोन आबा म्हणजे मंडळीचे, आमच्या देवळाच्या लोकांचे, मोठे पंच, पांढऱ्या मिशा, बोलणं कडक.

पण मंडळी उरलीच कुठं होती? पोरं नाशिकला, मुंबईला नोकऱ्यांना गेली, मागं राहिले ते म्हातारे, त्यातही दोन घरांचं भांडण, एक घर आलं की दुसरं यायचं नाही. रविवारी उपासनेला आम्ही पाच-सहा माणसं, आणि वर कबुतरं. कबुतरंच जास्त.

ऐंशीच्या पुढची ती वर्षं, तेव्हा प्रभाकर पाळक आले, देवळाचे नवे धर्मगुरू. धुळ्याच्या बसमधून उतरले, एक लोखंडी पेटी, बरोबर सुशीलाबाई आणि कडेवर रूथ, त्यांची लेक, अशी कुरळ्या केसांची. पाळकसाहेब बारीक अंगाचे, आवाज मऊ, मला वाटलं हे काय टिकतात इथं, आधीचे दोघं टिकले नव्हते. सुशीलाबाईंनी आल्या आल्या माझ्याकडून चूल सारवायला शेण मागितलं, मी म्हटलं ही बाई आपल्यातली शे.

त्या उन्हाळ्यात पाण्याचे फार हाल झाले. टँकर यायचा, कधी यायचा नाही, बाया हंडे घेऊन नदीत झिरे खोदत बसायच्या. भिल्लवस्तीतल्या बाया तर आमच्या आवाराच्या तारेपाशी येऊन नुसत्या उभ्या राहायच्या, मागायच्या नाहीत, बघायच्या. एक दिवस पाळकसाहेब शलमोन आबांकडं गेले, म्हणाले आबा, किल्ली द्या. आबा म्हणाले कशाला? म्हणाले विहीर उघडायची, गावाला. सगळ्या गावाला? सगळ्या गावाला. आबा उठून उभे राहिले, म्हणाले पाळकसाहेब, तुम्ही परगावचे, तुम्हाला माहीत नाही, याच गावानं आमच्या बापाला वरून पाणी ओतलं, रत्नाच्या बापाला ओतलं, विचारा तिला, आणि आता त्यांची विहीर आटली म्हणून आम्ही आमची उघडायची? मी तिथंच उभी होते, मला रडू आलं, कारण आबा खोटं बोलत नव्हते. पाळकसाहेब म्हणाले आबा, ते झालं ते पापच झालं, पण तहानलेल्या माणसाला दारातून परत पाठवायचं आपणही शिकलो, तर त्यांच्यात आणि आपल्यात फरक काय राहिला, आणि मग मी रविवारी देवळात उभं राहून बोलू काय? आबांनी किल्ली दिली नाही, जमिनीवर टाकली. पाळकसाहेबांनी वाकून उचलली.

पहिल्यांदा भिल्लवस्ती आली, मग मजुरांची घरं, मग पाटलांचे गडी. पाटलांच्या बाया स्वतः यायच्या नाहीत. एक वेणूअक्का तेवढ्या यायच्या, सरपंच नानांची आई, पण त्यांची बादली वेगळी, दोर वेगळा, आमच्या कुणाचा हात लागू द्यायच्या नाहीत. पाळकसाहेब नुसते हसायचे. म्हाताऱ्या माणसांना स्वतः ओढून द्यायचे, हाताला फोड आले तर सुशीलाबाई रात्री तेल लावायच्या. मग बाया आजारी पडल्या की त्यांच्या घरी पाणी पोहोचवायला लागले, बाळंतिणीला दवाखान्यात न्यायला बैलगाडी जुंपायला लागले. आणि बघा, जी आमची माणसं देवळात यायची बंद झाली होती ती विहिरीवर यायला लागली. भांडणातल्या दोन घरांतल्या सुना एकाच रहाटावर उभ्या राहणार, एकीनं दोर धरायचा, दुसरीनं हंडा लावायचा, किती दिवस अबोला चालेल? रविवारी बाकं भरायला लागली. नाताळात गावच्या पोरांनी देवळाला चुना मारला, पैसे घेतले नाहीत. दाऊद म्हणायचा, रत्ना, घंटा वाजवताना आता लाज नाही वाटत.

रूथ तर बठ्ठ्या गावाची झाली होती. बाया तिला गाल ओढून ओढून बेजार करायच्या, वेणूअक्का लांबूनच तिला गुळाचा खडा टाकायच्या, ती झेलायची आणि म्हणायची, आजी, आजून.

आता पुढचं सांगायचं म्हणजे... थांबा, पाणी पिते.

पुढच्या उन्हाळ्यात, भर दुपारी. मी शेतात होते, दाऊद बाजारला. बाया पाणी भरून गेल्या होत्या, सुशीलाबाई आत भाकरी टाकत होत्या. पोर खेळत खेळत गेली असेल, कठडा तेव्हा बुटका होता. कुणी बघितलं नाही. हाक मारली तर ओ नाही, शोधलं, शोधलं, आणि मग पाण्यावर तिची एक चप्पल दिसली. मी पोहोचले तेव्हा भिल्लवस्तीतला एक गडी तिला घेऊन वर येत होता, तिचे केस सरळ झाले होते, पाण्यानं. मला अजून तेच दिसतं, सरळ झालेले केस.

शलमोन आबांनी तिची कबर खणली. कुणाला हात लावू दिला नाही, त्या वयात, एकट्यानं. पाळकसाहेब प्रार्थना म्हणायला उभे राहिले, पुस्तक उघडलं, आणि ते आबांच्या हातात दिलं, मग आबांनीच ती म्हटली. कुंपणाबाहेर गाव उभं होतं, आत यायचं का नाही कळत नव्हतं त्यांना, सुशीलाबाईंनी मान वर करून बघितलं तेव्हा सगळे आत आले.

नानांनी शेतातलं इंजिन आणून विहीर उपसली, गाळ काढला, मग नवं पाणी झिरपून आलं. पण पाळकसाहेबांनी झाकण टाकलं आणि कुलूप लावलं. होय, त्यांनीच. नाना म्हणाले पाळकसाहेब, आम्ही लांबून आणू, तुम्ही मनाला लावून घेऊ नका. पाळकसाहेब दिवस दिवस देवळात बसून राहायचे, मी झाडायला गेले तर मला म्हणायचे, अक्का, मी आबांचं ऐकलं असतं तर? मी झाडत राहायची.

मग एक सकाळ, मी आणि सुशीलाबाई ओट्यावर होतो. भिल्लवस्तीतली एक बाई हंडा घेऊन आली, कडेवर लेकरू, कुलूप बघितलं आणि मागं फिरली. सुशीलाबाई तिच्या पाठीकडं बघत राहिल्या. मग उठल्या, देवळात गेल्या, आणि मी दारातून ऐकलं, त्या म्हणाल्या, किल्ली द्या. पाळकसाहेब म्हणाले सुशीला, मला नाही जमणार. त्या म्हणाल्या, मलाही नाही जमत, पण त्या बाईच्या कडेवर लेकरू आहे, ते काय पिणार? 

कुलूप काढलं. त्या बाईला हाक मारून बोलावलं, ओरडा ऐकून आणखी बाया आल्या, आणि सगळ्या लांब उभ्या. जिथं पोर गेली ते पाणी कोण आधी घेणार? पाळकसाहेबांनी बादली ओढली, ओढता ओढता निम्मं पाणी सांडलं. सुशीलाबाईंनी ओंजळ भरली आणि प्यायल्या. डोळे मिटून, बठ्ठं प्यायल्या. आणि वेणूअक्का पुढं आल्या, हातातला आपला दोर त्यांनी खाली टाकला, सुशीलाबाईंच्या समोर दोन्ही हात पुढं केले, म्हणाल्या, माय वं, माले बी दे, तुन्हा हाते दे. सुशीलाबाईंनी आपल्या ओंजळीतून त्यांच्या ओंजळीत पाणी घातलं. ती म्हातारी ते प्यायली आणि सुशीलाबाईंच्या गळ्यात पडून अशी रडली, म्हणाली मन्ही आंडेर व तू, मन्ही आंडेर. आंडेर म्हणजे लेक. माझा बाप तेव्हा जिवंत नव्हता. असायला हवा होता.

मग गावानं मिळून कठडा उंच केला, लोखंडी जाळी बसवली, शलमोन आबा रोज येऊन दगड वाहायचे. त्या रविवारी देवळात जागा नव्हती. पाटलांच्या बाया बाहेर पायरीवर बसल्या, आत काय चाललंय ते कळत नव्हतं तरी बसल्या. पाळकसाहेब थोडंच बोलले, आवाज फाटत होता. तरी उभे राहिले.

पुढं बरीच वर्षं राहिले ते इथं. दुसरं मूल झालं नाही. मंडळी वाढली, शिवणाचा वर्ग निघाला, डॉक्टर धुळ्याहून आठवड्याला यायचा, देवळाच्या हॉलमध्ये बसायचा, गावातलं कुणीही यावं. लोक म्हणतात पाळकसाहेबांनी देऊळ जिवंत केलं. केलं, खरंच केलं. पण ते स्वतः हळूहळू विझत गेले, ते मी जवळून बघितलं. नंदुरबारकडं बदली झाली, तिथंच छातीच्या दुखण्यानं गेले. त्यांना इथं, लेकीजवळ आणायला हवं होतं, पण आमच्यापर्यंत निरोप उशिरा आला. सुशीलाबाई आता बहिणीकडं असतात. दाऊदही गेला.

आता गावात नळ आलेत. नवे पाळक तरुण आहेत, चांगले आहेत, मोटारसायकलवरून आजाऱ्यांना दवाखान्यात नेतात, मला अक्का म्हणून हाक मारतात. माझी लेक नाशिकला बोलावते, म्हणते इथं एकटी काय करतेस? मी म्हणते, संध्याकाळी तिकडं कबरींवर दिवा कोण लावील?

देवाशी मी खूप भांडले, तुम्हाला खोटं कशाला सांगू. चांगलं करणाऱ्याच्याच घरात का, असं विचारायची. आता विचारत नाही. पटलं म्हणून नाही, दमले म्हणून. जे काय असेल ते वर गेल्यावर कळेल, नाहीतर नाही कळणार.

निघता का? बसची वेळ झाली असेल. बसा, भाकरी टाकलेली शे, दोन घास खाऊन जा, उपाशी कोणी गेलेलं मला चालत नाही. आणि घरी लेकरं असतील तर त्यांच्या डोक्यावरून माझा हात फिरवा. सुखी राहा, मायबापहो. सगळ्यांची लेकरं मोठी होवोत.