यशवंताला हलकं काम मिळालं नाही

मंडळी, वहिनी,

कामाची पाळी बुडवून तुम्ही सगळे इथं चांदीपला, यशवंताच्या घरी आलात. मला बोलता येईल असं वाटत नाही. पण आज गप्प बसलो तर पुन्हा कधीच बोलणार नाही.

यशवंतानं आणि मी कारखान्यात पत्रा दाबायच्या एका प्रेसवर दहा वर्षं काढली. पावसाळा संपता संपता त्याच्या उजव्या हाताची तीन बोटं त्या प्रेसखाली गेली. चार महिने तो घरी होता. जखम भरली, पण मूठ वळेना. डॉक्टरांनी चिठ्ठी दिली, कामावर घ्यावं, हलकं काम द्यावं.

चिठ्ठी घेऊन आम्ही दोघं मॅनेजरसाहेबांकडे गेलो. साहेब म्हणाले, "हलकं काम इथं नाही. पूर्ण बरा झालास की ये. नाहीतर दुसरा माणूस घेतो."

यशवंत म्हणाला, गेटवर बसतो. झाडू मारतो. साहेबांनी मान वर केली नाही.

बाहेर आल्यावर तो मला म्हणाला, "दादा, मना घरी बसवत नाय. दुसरा डॉक्टर बघ."

मी बघितला. मंडळी, मीच बघितला. नालासोपाऱ्याला एका डॉक्टरकडे मी त्याला नेलं. त्यानं हात धड पाहिलासुद्धा नाही, 'फिट' लिहून दिलं. येताना यशवंतानं मला चहा पाजला. स्वतःचा कप त्यानं डाव्या हातात धरला होता. मी ते पाहिलं. पाहून काय केलं? काही नाही.

त्या दाखल्यावर साहेबांनी त्याला जुन्याच कामावर घेतलं. नवव्या दिवशी पत्र्यांचा गठ्ठा उचलताना त्याची पकड सुटली. गठ्ठा छातीवर आला आणि तो जागीच गेला. मी चार पावलांवर होतो.

आता साहेब म्हणतात, फिटचा दाखला त्यानंच आणला, आमचा काय दोष? बोटं गेली तर कायद्यात भरपाई आहे. पण बोटं गेलेल्या माणसाला कुठल्या कामावर उभं करायचं, हे कोणी बघायचं? मी युनियनला विचारलं. वकिलाला विचारलं. दोघांनीही भरपाईचाच कागद पुढं केला.

वहिनी, परवा तुम्ही मला विचारलंत, "दादा, ते बरं झालं नवतं ना?" मी खाली बघत राहिलो. आज सगळ्यांसमोर सांगतो. नव्हता झाला बरा. मला माहीत होतं. ठाण्याच्या कामगार कचेरीत भरपाईसाठी तुमची तारीख लागेल तेव्हा हेच सांगेन. माझी नोकरी जाईल, जाऊ दे. माझ्या सांगण्यानं तुमच्या पदरात काही पडेल, असंही मला म्हणवत नाही.

त्याच्या दोन्ही पोरी समोर बसल्यात. उठा सगळे. यशवंतासाठी दोन मिनिटं उभे राहू.