चिपपेक्षा स्वस्त कराओके

कुणाच्या शब्दावर सहजी विश्वास न ठेवण्याची ही फळं, ऐका. मी घरी अ‍ॅम्प्लिफायर बनवत होते आणि एका चिपपायी काम अडलं होतं. उल्हासनगरच्या दुकानदाराला म्हटलं, "शेठ, भाव दुप्पट कसा?"

"मॅडम, अकेली चिप महँगी है. ये पुराना कराओके ले जाओ, अंदर वही चिप है. सस्ता पड़ेगा."

खरोखरच स्वस्त पडलं. मात्र तपासल्याशिवाय यंत्र उघडायचं नाही, हा माझा नियम. अंबरनाथला घरी येऊन ते सुरू केलं, माइक सासूबाईंना दिला. "काहीतरी बोला." त्या बोलल्या नाहीत, गायल्या. शेजारणी जमल्या.

दुसऱ्या दिवशी मी पेचकस उचलला मात्र, अख्ख्या इमारतीला माइकवरून ऐकू गेलं, "सूनबाई, याला हात लावलास तर बघ!"