साहेबांना एकच दिशा हवी

...नाही तर काय हो! वारा म्हणजे काय साहेबांचा शिपाई आहे, सांगितलेल्या दारानेच यायला? पण कारखान्याच्या साहेबांचं आपलं एकच पालुपद, "एकच दिशा सांगा!" आमचे हे तिथे आकडेमोड करतात. नवं धुराडं बांधायचं होतं. पश्चिमेला आमचं क्वार्टर, पूर्वेला साहेबांचा बंगला, आणि घरात सासूबाईंना दमा! धूर आमच्याकडे वळला तर त्यांचं काय, या धास्तीनं हे वर्षभर गच्चीवर वारा मोजत बसले.

निघालं काय? सकाळी वारा पूर्वेकडून, संध्याकाळी पश्चिमेकडून. यांनी अहवालात लिहिलं, "हे दोन गटांचं मिश्रण आहे." झालं! साहेब कडाडले, "मिश्रण? आकड्यांत भेसळ करता? एकच दिशा सांगा!" हे आपले खालच्या पट्टीत, "साहेब, दोन्ही गट वेगळे धरले तर..." "सरासरी काढा!"

आता तुम्हाला सांगते, पूर्व नव्वद अंशांवर, पश्चिम दोनशे सत्तरवर, सरासरी एकशे ऐंशी... म्हणजे दक्षिण! अहो, दक्षिणेकडून तिथे झुळूकसुद्धा येत नाही! मी अकराला झोपते, हे एकला, सरासरी सहा. म्हणून काय दिवेलागणीलाच अंथरुणं घालायची? पण साहेब खूश. दक्षिणेचा वारा, म्हणजे धूर उत्तरेच्या माळावर! धुराडं उभं राहिलं आमच्या आणि बंगल्याच्या बरोब्बर मध्ये.

मग काय... सकाळी सासूबाई खोकून बेजार, संध्याकाळी बाईसाहेब खोकून बेजार, आणि माळ मात्र लख्ख! मला असा संताप आला म्हणून सांगू! यांना म्हटलं, "जा, भांडा!" तर म्हणतात, "थांब, बाईसाहेब भांडतायत."

आठवड्यात साहेब नरमले. "तुमची ती भेसळ खरी निघाली हो!" यांना बढती दिली, स्वतः गावाबाहेर राहायला गेले आणि बंगला दिला आम्हाला. तोच! आमचं क्वार्टर तर कुणी फुकट घेईना. म्हणून आता सासूबाई सकाळी बंगल्यात, आणि दुपारी आम्ही दोघं त्यांची खाट उचलून क्वार्टरमध्ये. रोज!

परवा वाटेत खाटेबरोबर चालता चालता वैतागल्या, "अरे, मी नक्की राहते तरी कुठे? एकच काय ते सांग!"

हे खाट खाली न ठेवता म्हणाले, "एकच सांगायचं तर, आई... धुराड्यात."